तिन्ही लेकरं शिकवली म्हणे

तुझ्या तेरवीले, त्याले आता किती वर्षं झाली, भाऊ चार माणसांत उभा राहून बोलला, की आमच्या मायनं लेकरांच्या शाळेसाठी गाव सोडलं, परक्या ठिकाणी येऊन मजुरी केली आणि तिन्ही लेकरं शिकवली. तिन्ही म्हणे. मी तेव्हा मांडवामागं पुऱ्या लाटून राह्यलती. पिठाचे हात घेऊन उठली, दोन पावलं गेली, आणि मागं कढईतली पुरी काळी पडून राह्यली दिसली म्हणून परत येऊन बसली. लोकांनी डोळे पुसले. बाजूची बाई मले म्हणे, केवढ्या हिंमतीची होती वो तुमची माय. मी म्हटलं, हो, होती, तू पुरी उलटव. भावावर राग नाई. तो खोटं बोलला नाई, त्याले तसंच वाटते. त्याले तसं कोणी वाटू दिलं, ते तुले विचारायचं राहून गेलं, म्हणून हा कागद.

माय, आता पाया पडली असं समज. कशी आहेस हे विचारणार नाई, मेलेल्या माणसाले ते काय विचारायचं. माझं अक्षर वाकडं आहे, आणि आता तर हातही हालते. पण तुले कुठं वाचता येत होतं? तुले मी वाचलेलं ऐकाले आवडे, तेवढंच. आणि माझं सगळं बिघडलं ते तिथूनच.

बाबा गेले तेव्हा लहानगा तुझ्या पोटात होता. तो जन्मला आणि त्यानंतर काका रोज संध्याकाळी दारात उभा राहून विचाराले लागला, वहिनी, खोली कधी खाली करता. ज्या बायांसंग तू निंदाले जात होती त्या तू दिसली की दुसऱ्या बांधानं जात. गावातली शाळा म्हणजे एक खोली. मास्तर आला तर शाळा, नाई आला तर आम्ही अंगणात चिंचोके खेळू. तू कोणाजवळ तरी ऐकलं होतं की वर्ध्याकडची माणसं चांगली, कोणी कोणाच्या घरात डोकावत नाई, आणि तिथल्या शाळेत बाई रोज येते. रोज येते, हे तू मले आणि भावाले असं सांगत होती जसं तिथं रोज पुरण शिजते. मग उन्हाळ्यात एका सकाळी तू भांडे पोत्यात बांधले, कोंबडी टोपल्यात झाकली, लहानग्याले पाठीशी घेतलं आणि आपण बैलबंडीनं आर्वीले निघालो. गावातलं कोणी दारात आलं नाई. आजी आली होती, बाबाची माय. तिनं लहानग्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तुझ्याकडं न पाहताच आत गेली.

आर्वीच्या स्टँडवर गाड्याच गाड्या. तुले कळेना कोणती आपली. तू एका चष्मेवाल्याले विचारलं, तो पेपर वाचत होता, त्यानं मान वर केली नाई. मी तुझा पदर ओढला आणि समोरच्या गाडीची पाटी वाचली. वर्धा. तुले खरं वाटलं नाई. तू म्हणाली, ती दुसरी वाच. मी पुलगाव वाचलं, अमरावती वाचलं, नागपूर वाचलं. तू मले पूर्ण स्टँडवर फिरवलं. मग बाकावरच्या एका अनोळखी बाईले म्हणाली, "माह्या पोरीले सगळं वाचता येते." माय, तुझं तसं तोंड मी नंतर कधी पाह्यलं नाई, माझ्या लग्नातही नाई. गाडीत चढताना कंडक्टर म्हणे, कोंबडी टपावर ठेवा. तू म्हणाली, "तुह्या मायले बसवशील काय टपावर?" सगळी गाडी हसली, कंडक्टरही हसला, आणि कोंबडी माझ्या मांडीवर बसून वर्ध्याले आली.

नालवाडीत खोली भेटली. पहिल्याच संध्याकाळी शेजारची बाई आंबाडीची भाजी घेऊन आली. कोण, कुठचे, नवरा कुठं आहे, काही विचारलं नाई. नुसतं म्हणे, चूल मांडाले वेळ लागन, आज हे खाऊन घ्या. भाजीत मीठ जास्त होतं. तरी तू वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाली, आपण बरोबर जागी आलो. मलेही तसंच वाटलं. शाळा उघडल्यावर तू आम्हा दोघांले नेलं. मी तिसरीत, भाऊ पहिलीत. बाई खरंच रोज येत होती. पावसाळाभर तू वावरात निंदाले जाय, झाडाले लुगड्याची झोळी बांधून लहानग्याले त्यात टाके, आणि आम्ही शाळेत. तेवढेच महिने माझे.

दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झालं. तुले कापसातला काडीकचरा वेचाचं काम भेटलं, आणि मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगतलं की लेकरू आत चालणार नाई, रुई नाकातोंडात जाते. त्याचं बरोबरच होतं. रात्री तूच खोकू खोकू बेजार होत होती. मग एका सकाळी मी दप्तर घेऊन दारात उभी, आणि तू म्हणाली, ठेव ते. मी विचारलं, काऊन, कायले ठेवू. तुझे शब्द मले जसेच्या तसे याद आहेत. "तुले तर वाचता येते. एसटीची पाटी घडाघडा वाचते. अजून काय कलेक्टर व्हाचं हाये? भावाले काहीच येत नाई, त्याले जाऊ दे."

तू लबाडी करत नव्हती, हे मले तेव्हाही समजे. तुले खरंच वाटत होतं की शाळा म्हणजे पाटी वाचता येईपर्यंतचं काम. विहिरीले पाणी लागलं की खोदणं थांबवतात, तसं. तुझं आयुष्यभराचं जे अडलं होतं ते तेवढंच होतं, आणि ते मले आलं होतं. त्या दिवशी स्टँडवर मी तोंड बंद ठेवलं असतं, तर तू मले चौथीपर्यंत तरी ठेवलं असतं. मी विचारलं, किती दिवस. तू म्हणाली, लहानगा चालाले लागेपर्यंत. तो होळीले चालाले लागला. मग तू म्हणाली, आता तर पळते, आता कोण पाहीन त्याले. एकदा मी त्याले शेजारणीच्या ओट्यावर बसवून शाळेत पळाली होती. बाईनं काही न बोलता मागच्या रांगेत जागा दिली. दुपारी तू आली, मले हाताले धरून बाहेर काढलं. मारलं नाई. डोक्याले रुई लागलेली, तशीच रस्त्यात उकिडवी बसली आणि म्हणाली, "तू शाळेत गेली तर आपल्या सगळ्याईले वापस गावाले जा लागन." त्यानंतर मी कधी गेली नाई. ती आंबाडीची भाजी देणारी बाई, ती रोज येणारी शाळेतली बाई, भावाचं पहिलीचं पुस्तक, सगळं माझ्या कडेवर बसलं आहे असं मले वाटे. लेकराचं वजन त्यापुढं काहीच नव्हतं.

आता हे आज काऊन उकरलं, ते सांगून राह्यली. तुझा नातू, म्हणजे माझा पोरगा, बायकोलेकरं घेऊन नाशिकले चालला. सुनेच्या भावाचं तिथं वेल्डिंगचं दुकान आहे, त्यानं बोलावलं. सुनेले द्राक्षं पॅकिंगचं काम भेटून राह्यलं. तिकडं हवा थंड, माणसं मिळूनमिसळून राहतात, शाळा चांगल्या, असं रोज ऐकते हे घर. पोरगा शाळा पाहून आला, मोबाईलवर फोटो आणले. माझी नात आता आठवीत जाईल. ती फोटो दोन बोटांनी मोठा करू करू पाहे, बाकं, मैदान, पुस्तकांची कपाटं. मी संक्रांतीलेच सांगून टाकलं होतं की मी येत नाई. तिकडच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत राहून मी काय करू? तिथं मी तोंड उघडलं की मले-तुले ऐकून लोक हसतील. इथं नालवाडीत मी दारात बसली तर जाणारा येणारा थांबते, काऊन वो आजी, जेवली काय, म्हणते. या गल्लीतल्या अर्ध्या लेकराईची पहिली आंघोळ मी घातली आहे. पोरानंही जबरदस्ती केली नाई. म्हणे, राहा मग, पैसे पाठवत जाईन.

परवा सकाळी चहा पिताना तो सहज बोलला की पोरीले यंदा शाळेत टाकत नाई. सुनेच्या पॅकिंगमध्ये लेकरू नेऊ देत नाई, तिच्या लहान्या भावाले कोणी तरी पाहा लागन. एक वर्षाची गोष्ट आहे, तो अंगणवाडीत गेला की टाकू तिले. आणि मग म्हणे, "तसंही तिले सगळं येतेच, आई. मोबाईलवरचं इंग्रजी घडाघडा वाचते."

मी बशी खाली ठेवली. घडाघडा. पोरगं तुले कधी भेटलं नाई, त्याच्या जन्माच्या आधी तू गेली, आणि त्याच्या तोंडातून तू बोलून राह्यलती. नात ओट्यावर भावाले दूधपोळी चारत होती. तिनं ऐकलं. ती म्हणे, "चालन बाबा. मी घरीच करीन अभ्यास." आणि त्याले उचलून कडेवर घेतलं, कंबर एका बाजूले काढून, जसं घेतात. मी तिले म्हटलं, तू चूप बस, तुले कोणी विचारलं नाई. सून कणीक मळत होती, वर न पाहता म्हणे, "आई, तुम्ही आल्या असत्या तर..." पोरानं तिच्याकडं डोळे वटारले.

तेव्हा मले तो दिवस आठवला. मुकादमानं लेकरू नको म्हटल्यावर, माझं दप्तर ठेवाले लावायच्या आधी, तू मले घेऊन एकदा गावाले गेलती, आजीले विचाराले. इतकी वर्षं त्या दिवसातलं मले फक्त सीताफळ याद होतं. आजीनं माझ्या हातात पिकलेलं सीताफळ दिलं आणि मी अंगणात बसून बिया थुंकत खाऊन राह्यलती. तुम्ही दोघी मागं बोलत होत्या, ते कानावर पडलं होतं पण आत गेलं नव्हतं. परवा ते सगळं आत आलं. तू तिच्यापुढं खाली बसली होती. तू म्हणत होती की नुसतं लेकराजवळ बसा, बाकी घरातलं सगळं मी करीन, वर्षभर या, पोरीची शाळा सुरू आहे. आणि आजी म्हणे, मी माहा गाव सोडून येत नाई, तिथं मले कोण ओळखते. मग म्हणे, "पोरगी हाये ना तुह्याजवळ. पोरीले कायले पाह्यजे शाळा?" परत येताना गाडीत मी तुले सीताफळाचे हात दाखवले, चिकट झाले म्हणून, तर तू पदरानं पुसले आणि माझे हात बराच वेळ सोडले नाई. मले वाटलं, पुसणं सुरू आहे.

मी पोराले म्हटलं, मी येऊन राह्यली नाशिकले. नात पहिल्या दिवशीच शाळेत जाईल, एक दिवस मागं नाई. तो म्हणे, संक्रांतीले तर काही वेगळंच म्हणत होती. मी म्हटलं, संक्रांतीले जी म्हणाली ती बुढी गेली, तिची तेरवीही झाली, तू तिकीट काढ. सून कणकेच्या हातानंच पाया पडाले आली, तिले म्हटलं हात धुऊन ये आधी. नात ओट्यावरून उठली. लहान्याले माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाई. तिच्यामागं कोणी गेलं नाई, मीही नाई.

सगळे खूश आहेत. गल्लीतल्या बाया म्हणतात, नशीबवान आहेस, पोरगा संग नेते. तुले सांगून राह्यली, आणि तुले सांगणं म्हणजे कोणालेच न सांगणं, की मले जायचं नाई. थोडंही नाई. तुझ्या हातचा हा ओटा, ही गल्ली, इथं मले नावानं हाक मारणारी माणसं आहेत. तिथं मी चौथ्या मजल्यावर एका लेकराजवळ बसून राहीन आणि बहुतेक तिथंच मरेन. रडत नाई, तेवढं वय राह्यलं नाई. पण दोन दिवस झाले, पेटी उघडून बसते आणि त्यात काहीच ठेवणं होत नाई. हा कागद टपालात पडणार नाई, कोणाले दाखवणारही नाई, लिहून झाला की फाडणार आहे. नातीच्या हाती पडला तर ती जायले नाई म्हणन, तेवढी समजदार आहे कार्टी.

आता माय, मी सुरुवातीले तुले जे विचारलं, भावाले तसं कोणी वाटू दिलं, त्याचं उत्तर तू देऊ नको. तू बस. तुझी छाती अजून रुईनं भरली असन. तुझी सासू तिथंच कुठं तरी असन, गाव सोडून दुसरीकडं कुठं जाणार ती. तिले उठव. तिले म्हणजो, तुमची नात विचारून राह्यली, एक वर्ष काऊन नाई आल्या? तिनंच उत्तर द्यावं, आणि तोंडावर द्यावं. तू मधात बोलजो नाई.