नायट्रिक अ‍ॅसिडचे मार्क

अकोला

आदरणीय शेषराव मामाजींना भाची प्रियदर्शनीचा सप्रेम जय भीम.

चांदूर रेल्वेला सारे मजेत असतील. मामीचा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत ठणठणीत आहे, नोकरीची तेवढी बिघडली. (तुमचे मित्र चंद्रभान सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, यांनी फोनवर सांगितलं असेलच. त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं मी अभिमानानं केलं.)

झालं असं, की बीएस्सीच्या पेपरात विचारलं होतं, बेंझिनच्या नायट्रेशनमध्ये नायट्रिक अ‍ॅसिड कशाचं काम करतं? प्रतीक्षा नावाच्या पोरीनं लिहिलं, बेसचं. मी पूर्ण मार्क दिले. बरोबरच आहे, मामाजी! नायट्रिक एरवी अ‍ॅसिडच. पण त्याहून जबर सल्फ्युरिकमध्ये ओतलं की ते सल्फ्युरिकचा प्रोटॉन घेतं, आणि प्रोटॉन घेतो तो बेस. मग त्यातून पाणी निघून जातं आणि उरलेला नायट्रोनियम आयन बेंझिनवर तुटून पडतो. (मामीला वाचून दाखवू नका, पोरगी येडी झाली म्हणेल.) चंद्रभान सर मात्र माझ्यावरच तुटून पडले. त्यांच्या मॉडेल आन्सरमध्ये 'अ‍ॅसिड' होतं. मार्क कापा, म्हणाले. कापले असते तर पोरगी नापास झाली असती.

मी पुस्तक उघडून समोर धरलं. चष्मा सापडत नाही म्हणून सरांनी पाहिलं नाही. (चष्मा डोक्यावर होता.) उलट साऱ्या स्टाफसमोर गरजले, "बेस आहे न? मंग पिऊन दाखवा!"

मी म्हटलं, "कॉस्टिक सोडाही बेसच आहे सर. तुमी रोज किती घेता?"

सारे हसले, आणि तिथंच माझं बिनसलं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, लेखी माफीनामा द्या, नाहीतर उद्यापासून तासिका बंद. (माझी नोकरी तासांवरची, तासिका गेल्या की नोकरी गेली.) मी म्हटलं, "माफी कायची मागू? त्याले बेस म्या नाही केलं, सल्फ्युरिकनं केलं." पेपरांचा गठ्ठा होता तसा जमा केला, पर्स उचलली अन् निघाले. बसस्टॉपपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

तुमची,
प्रियदर्शनी

ता. क. प्रतीक्षा पास झाली. दुसऱ्या परीक्षकांनीही तिचं उत्तर बरोबर धरलं. आता सरांचा निरोप आला आहे, कॉस्टिकपुरती तरी माफी मागा, परत घेतो. नाही मागत.

आणखी एक ता. क. तिकडच्या कॉलेजात केमिस्ट्रीची जागा निघाली म्हणतात, खरं काय? जरा चौकशी करा. माफीनामा सोडून सारी कागदपत्रं तयार आहेत.