बाबा आंघोळीला गेल्यात

सोलापूर, ता. १० डिसेंबर

ती. जोतीआण्णांस,

रेवणसिद्धचा सावधान उभं राहून सॅल्यूट. (लिहिताना खुर्चीत बसलोय, पण मनानं उभा आहे.) घरी तुमच्या बजाआईंचे गुडघे, म्हशीचं दूध आणि पायलचा अभ्यास, सगळं ठीक असेलच. तुमची तब्येत विचारत नाही, ती उत्तमच असणार. गेल्या दोन महिन्यांत मी अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा तुमची पायल म्हणाली, "काका, बाबा आंघोळीला गेल्यात." एवढ्या आंघोळी करणारा माणूस आजारी पडेलच कसा? आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे आम्हा सोलापूरकरांना तुमच्या वैराग गावाचा फार हेवा वाटतो. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. ते अंग पुसून झाल्यावरही वाचता येतं.

कारण असं, की तुमच्या नावनोंदणीची मुदत तीस तारखेला संपते. माजी सैनिकांना, त्यातही हात-पाय गमावलेल्यांना, नोकऱ्या शोधून देणारं आमचं सरकारी ऑफिस आणि त्यात मी क्लार्क, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुदत वाढवायला माणसानं स्वतः हजर राहावं लागतं. नाही आलात तर यादीतला नंबर जाणार, पुन्हा शेवटून सुरुवात. तेव्हा याच.

आता आमच्या कामाची तऱ्हा ऐका. फौजी म्हटलं की इथल्या प्रत्येक मालकाला गेट, स्टूल आणि वॉचमन एवढंच दिसतं. (एकानं तर मिशी किती इंच आहे ते फोनवर विचारलं.) मागच्या आठवड्यात अक्कलकोट रोडच्या एका मंगल कार्यालयात वळसंगच्या गुरुशांतला पाठवलं. त्याचा उजवा हात मनगटापासून नाही. मालक ईश्वरप्पा, त्याची अट एकच, दारात येईल त्या पाहुण्याला कडक सॅल्यूट. उजवा नसला तर डावा चालेल म्हणाला, मनाचा मोठेपणा बघा. गुरुशांतनं त्याला शांतपणे सांगितलं, "वर्दी न्हाय, टोपी न्हाय, मग सॅल्यूट कशाचा मारू?" आणि तो गेट सोडून थेट जेवणाच्या हॉलमध्ये गेला. तिथे नेहमीचंच दृश्य. तीनशे माणसं जेवतायत आणि तीनशे माणसं त्यांच्या खुर्च्या धरून मागे उभी, कधी एकदा हा हात धुतो म्हणून. गुरुशांतनं शिट्टी वाजवली आणि उभी माणसं बाहेर मांडवात ओळीनं लावली. नवऱ्या मुलाचे मामा रुमाल टाकून खुर्ची अडवत होते, त्यांनाही रुमालासकट ओळीच्या शेवटी नेऊन उभं केलं. आठशे पानं दीड तासात उठली. मामा मात्र रुसून उपाशीच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पा ऑफिसात हजर. मी घाईनं रेकॉर्डच्या खोलीत फाईल शोधायला गेलो (कुठली, ते विचारू नका). त्यानं टेबल बडवलं, दोन चहा प्याला, आणि मग म्हणाला, "साहेब, असलाच आणखी एक द्या की. भटारखान्याला. आचारी लई तेल पळवत्यात."

आण्णा, मला तिथल्या तिथे आपल्या युनिटमधलं तुमचं स्वयंपाकघर, तो लंगर दिसला. अकरा हजार फुटांवर एकशेवीस माणसांचं जेवण, आणि डाळीत पाणी जास्त झालं तर तुमचा चेहरा पडायचा. माझ्याकडून तुम्ही कन्नडचं एकच वाक्य शिकलात, "ऊट आयता?" जेवलास का. तेही चुकीच्या हेलात, पण रोज रात्री, न विसरता. आता माझ्या गावी, मंद्रूपला गेलो की अख्खं गाव मला तेच शुद्ध कन्नडमध्ये विचारतं, पण भूक लागत नाही.

पायल सांगत होती, पाय कुठल्या लढाईत गेला असं कुणी विचारलं की तुम्ही उठून आत जाता. बटाट्याची गाडी दरीत गेली हे सांगायची लाज वाटते म्हणे. लाज तुम्ही कशाला बाळगता? गाडी मी चालवत होतो. मला खरचटलं आणि तुमचा पाय गेला. दवाखान्यात शुद्धीवर आलात तेव्हाही तुम्ही मला पहिलं "ऊट आयता?" असंच विचारलंत. त्यानंतर चार वर्षं झाली, आपण त्या वळणाबद्दल एक शब्द बोललेलो नाही. मला तुमची फार आठवण येते.

ऑफिसला तीनच पायऱ्या आहेत आणि कठडाही आहे.

आपला,
रेवणसिद्ध

ता.क. ईश्वरप्पाला तुमचं नाव सांगून ठेवलंय. काम बसून करता येईल. तुम्हीही सॅल्यूट मारणार नाही, हे त्याला आधीच सांगितलंय.

दुसरा ता.क. स्वतः हजर राहावं लागतं, हे मी खोटं लिहिलं. मुदत ऑनलाइन वाढते आणि ती मी कालच वाढवली. ओटीपी पायलनं दिला. तिला रागावू नका, तुम्ही तेव्हा आंघोळीला गेला होतात. नोकरी नको असेल तर नका घेऊ. तरीही तीस तारखेला या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणतो, दोघांपुरती.

शेवटचा ता.क. एसटी स्टँडवर घ्यायला येईन. भिऊ नका, रिक्षा करीन. मी मागे, तुमच्याशेजारी बसेन.