खड्ड्यातून दिसलेली नायिका

३ मे
झालं एकदाचं! मुख्य भूमिका माझ्या लेकीलाच! इटालियन ऑपेरा, बागेतल्या उघड्या रंगमंचावर. शेवटी विष पिऊन मरायचं. ऐकून तिची आई रडली. मी उगाच चष्मा पुसत बसलो.

५ मे
कोरसमध्ये कुजबुज — "बाप प्रॉम्प्टर, मग काय! बापाच्या जिवावर गाणार." लेकीच्या कानावर गेलंच. जेवताना म्हणाली, "बाबा, बाकीच्यांना ओळी द्या. मला एक शब्द द्यायचा नाही. अडले तर अडू दे."
तीस वर्षं प्रत्येकाच्या ओळीचे पहिले शब्द आधी मी पुटपुटतोय. आणि पोटच्या पोरीच्या वेळी तोंड शिवून बसायचं? बरं म्हटलं. हट्टी कार्टी! माझ्यावरच गेलीय.

१६ मे
तालीम. मंचाच्या पुढच्या कडेला खड्डा करून मला त्यात बसवलंय, डोकं तेवढं वर. वारा असा की वहीला चिमटे लावावे लागतात. नायकाचा आवाज दणदणीत, पाठांतराच्या नावाने शंख! दर ओळीला माझ्याकडे बघतो. लेक एकदाही बघत नाही.

२० मे
पहिला प्रयोग.
पोरगी गायली — काय गायली! एक शब्द चुकली नाही. शेवटी माझ्यापासून हातभर अंतरावर कोसळली. नाटक आहे हे कळत होतं, तरी हुंदका फुटला. वहीतलं काही दिसेना. आता तिच्या प्रेतापाशी नायकाचं गाणं. तो माझ्याकडे बघतोय आणि मला ओळच आठवेना! तीस वर्षांत पहिल्यांदा! वाद्यं तेच तेच वाजवत राहिली.
तेवढ्यात कुजबुज ऐकू आली. डोळे मिटलेले, ओठ जेमतेम हललेले — मेलेली पोरगी त्याला ओळ देत होती! तो सुटला. शेवटपर्यंत तीच देत राहिली. टाळ्या थांबेनात. कुणाला पत्ता नाही.
घरी येताना म्हणाली, "कुणाला बोलू नका हं बाबा. नोकरी जाईल तुमची."

२१ मे
संचालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "नायकाला काल तुम्हीच सावरलंत!" कोरसवाले हळूच म्हणाले, "मग लेकीलाही ओळी दिल्याच असणार."
उभा राहिलो. म्हटलं, "मी नाही. मी ओळ विसरलो होतो. त्याला माझ्या मुलीने सांभाळलं, तेही मरून पडल्यावर. आणि मलासुद्धा." सगळे वळून लेकीकडे बघायला लागले. लेक मात्र माझ्याकडे बघत होती.

२२ मे
खड्ड्यात आज दुसरा माणूस. मी रांगेत उभं राहून पुढच्या खुर्चीचं तिकीट मागितलं. खिडकीतल्या बाईंनी ओळखलं नाही. पुढच्या खुर्च्या कलाकारांच्या घरच्यांसाठीच, म्हणाल्या — "आपण कोण?" म्हटलं, "नायिकेचा बाप."