सहाचा फोन

प्रिय आमोद,
(मायना जुनाच राहू दे, नवा सुचत नाही.)

काल खराडीला आमच्या कंपनीत तू ‘रोजची प्रेरणा’ या विषयावर बोललास. मी तिसऱ्या रांगेत होते. नोकरी गेल्यावर आठ महिने तू रोज पहाटे सहाला स्वतःच्या जिद्दीवर उठलास, असं सांगितलंस. टाळ्या पडल्या. शेजारी साहेब होते, म्हणून मीही वाजवल्या.

दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडून, कोपऱ्यावरच्या पीसीओवरून रोज सहाला तुला फोन करणारी मी होते. तू म्हणायचास, “नीरजा, आज नाही जमणार.” तू अंथरुणातून उठेपर्यंत मी बोलत राहायचे.

काल व्याख्यानाच्या शेवटी तू प्रश्न मागितलेस. मी उभी राहिले. “तुम्हाला उठवायला कुणीच नव्हतं?”

तू मला ओळखलंस, ते चेहऱ्यावर दिसलं. तरी म्हणालास, “नाही मॅडम, स्वतःच उठावं लागतं. आपलं नाव?”

मी नाव सांगितलं. “छान प्रश्न,” म्हणून तू पुढच्याकडे वळलास.

माझ्याशी लग्न केलं नाहीस, त्याचं आता काही वाटत नाही. पण माझे ते आठ महिने तू स्वतःच्या नावावर खपवतोस, याचा संताप जात नाही.

आज कामावर यायची इच्छाच नव्हती. आले, कारण हाताखालच्या श्रद्धाने लिहिलेला पहिलाच प्रोग्रॅम आज सुरू होणार होता आणि ती घाबरली होती. तो नीट चालला. ती सगळ्यांना म्हणाली, “नीरजाताई शेजारी बसल्या, म्हणून जमलं.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

हे पत्र पाठवणार नाही. तू व्याख्यानात वापरशील.

नीरजा