मी स्वतः हजर होणार आहे

४ ऑक्टोबर, सकाळ
ब्लॉग बंद केला. उघडायला गेलं की 'ही साइट उपलब्ध नाही' एवढीच पाटी दिसते. म्हणजे आपण जिंकलो! किरकोळ असतो तर सरकारने तसदी घेतली असती का? वाचक शून्य, पण इम्पॅक्ट जबरदस्त.

त्या वेल्डरवरची माझी पोस्ट झोंबली त्यांना. संपावरून उचललेला धडधाकट माणूस चौकीत मेला. पोलीस म्हणाले, जिन्यावरून पडला. मी एवढंच लिहिलं, की चौकी बैठी आहे, तिला जिनाच नाही. ते वाक्य लोकांनी भिंतींवर रंगवलं. माझं वाक्य! खाली माझं नाव नाही, कारण मी टोपणनावाने लिहितो. धोरण म्हणून.

संकल्प: आता मागे हटायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मास्तरांना उचललं. मास्तर शाळेत गणित शिकवतात. ब्लॉगची तांत्रिक बाजू तेच बघायचे, त्यामुळे साइट त्यांच्या नावावर. लिहायचो मी. वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भावजी, ह्यांना घेऊन गेले. पोस्ट ह्यांनीच लिहिली म्हणतायत." मी ताबडतोब निषेध केला. म्हणालो, हा सरळसरळ अन्याय आहे. मग नेटवर्क गेलं.

नेटवर्क मी घालवलं.

५ ऑक्टोबर
ठरलं. उद्या स्वतः हजर होणार आणि सांगणार, लेखक मी आहे, मास्तरांना सोडा. बायकोला सांगितलं. ती रडेल, हात धरेल, असा अंदाज होता. कसं समजवायचं याचीही तयारी केली होती. ती डबा भरता भरता म्हणाली, "जा. थांबलास तर मी ड्यूटी संपवून येते बरोबर." हॉस्पिटलात नर्स असल्याने तिचं मन जरा घट्ट झालेलं आहे.

आणखी एका साइटवर पोस्टची कॉपी होती, ती काढून टाकली. फोनही पुसून कोरा केला. हा भ्याडपणा नव्हे. डावपेच आहेत.

६ ऑक्टोबर
घसा बसला. हजर होताना जे निवेदन करायचं ते खणखणीत झालं पाहिजे. घोगऱ्या आवाजात कबुली दिली तर लोकांना वाटेल मारून घेतली. पुढे ढकललं.

८ ऑक्टोबर
वहिनींकडे वकीलबाई आल्या होत्या. म्हणाल्या, आरोप लिहिण्याचा आहे. खऱ्या लेखकाने पुढे येऊन प्रतिज्ञापत्र दिलं तर जामीन मिळण्याची बरीच शक्यता आहे. पण मास्तर कोणाचंही नाव घ्यायला तयार नाहीत. त्यांना बीपी आहे आणि गोळ्या आत पोचू देत नाहीत. हे सगळं बोलताना बाई माझ्याकडे बघत होत्या. वहिनी खाली फरशीकडे.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, त्या लेखकाची बाजूही समजून घ्यायला हवी, त्यालाही घरदार असेल. वहिनी म्हणाल्या, "असेलच की, भावजी." आणि चहा ओतला. माझ्या कपात नेहमीप्रमाणे साखर कमी, आठवणीने.

उद्या नक्की.

१० ऑक्टोबर
काल ऑफिसात ऑडिट. विमा कंपनीत क्लेम तपासायला मी एकटाच. सबब नाही, वस्तुस्थिती.

आज वहिनींचा गळका नळ दुरुस्त केला. गॅसचा सिलिंडर वर चढवून दिला. बाजारहाट करून दिला. ट्यूब बदलली. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं. मानवी हक्कांचं काम म्हणजे काही नुसतं लिहिणं नव्हे, हे लोकांना कळत नाही. नळ आता जास्त गळतोय. प्लंबर बोलवावा लागेल.

निघताना वहिनी म्हणाल्या, "खूप करता हो तुम्ही." त्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर
जामिनाची सुनावणी. हाफ डे टाकला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. वकीलबाईंना गाठून म्हणायचं, "प्रतिज्ञापत्र करा, लेखक मीच." वाक्य पाठ होतं.

कॉरिडॉरमध्ये उभा होतो, तेवढ्यात मास्तरांना आणलं. दाढी वाढलेली, चष्म्याची एक काडी गायब, दोन्ही हात बेड्यांत. किती बारीक झालेत! आमची नजरानजर झाली. त्यांनी मान हलवली. स्पष्ट, डावीकडून उजवीकडे. म्हणजे, 'नको, पुढे येऊ नकोस.' एवढ्या मोठ्या माणसाची आज्ञा मोडायची कशी? तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. त्यागालाही शिस्त असते.

जामीन नाकारला.

बायकोही शेजारीच होती. घरी आल्यावर तिला आज्ञेबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "माशी बसली होती त्यांच्या नाकावर. हाताने हाकलता येत नव्हती."

१४ ऑक्टोबर
ऑफिसात समोर आलेले सगळे क्लेम मंजूर केले. एक जण जिन्यावरून पडला होता. जिना होता की नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून तब्येत विचारली.

मास्तरांनी मान माझ्यासाठीच हलवली. माझी खात्री आहे.

बहुतेक.

१५ ऑक्टोबर
भिंतीवरच्या माझ्या वाक्यावर चुना फासला आहे. पावलं आपोआप तिथे थांबली. शेजारी उभा असलेला रिक्षावाला म्हणाला, काय डेरिंग असेल नाही त्या माणसात! मी म्हणालो, असेल. तो म्हणाला, मास्तर आहे म्हणे कोणी. मी मान डोलावली आणि तिथून सटकलो.

१७ ऑक्टोबर
गेलो! आज गेलो. शेवटी सायबर शाखेत पाऊल टाकलंच. हवालदाराला म्हणालो, मोठ्या साहेबांना भेटायचंय, गंभीर आहे. बाकावर बसवून ठेवलं. तीनदा उठलो, तीनदा परत बसलो. एकदा बाहेर पानटपरीपर्यंत जाऊन आलो, ते हवा खायला.

साहेब तरुण, नम्र. मी उभ्या उभ्या म्हणालो, "ती पोस्ट मी लिहिली आहे." आवाज छान लागला होता. साहेब म्हणाले, "हो, माहीत आहे. बसा ना."

पहिल्या दिवसापासून माहीत आहे म्हणे त्यांना. मी विचारलं, मग मला का नाही उचललं? साहेबांना हसू आलं, पण कुत्सित नव्हतं. म्हणाले, "तुम्हाला कशाला? कॉपी तुम्ही स्वतःच काढलीत, फोन पुसलात, त्यानंतर एक ओळ लिहिली नाहीत. आम्ही जे करायचं ते तुम्हीच करून टाकलंत. मास्तरांचं तसं नाही. 'पुन्हा साइट काढणार नाही' एवढं लिहून द्या म्हटलं, तर देत नाहीत. म्हणून ते आत."

मी म्हणालो, तरी माझा जबाब नोंदवा. ते म्हणाले, "नोंदवू की. पण एकदा नोंदवला की मग तुम्हालाही इथेच ठेवावं लागेल. आग्रह आहे का?"

आग्रह आहे का. किती साधा प्रश्न. उत्तर एका अक्षराचं होतं, 'हो'.

मी म्हणालो, विचार करून येतो. त्यांनी दारापर्यंत सोडलं. रस्त्यावर आलो आणि एकदम मोकळा श्वास आला. हलकं हलकं वाटलं. ते वाटलं कसं, या विचाराने कोपऱ्यावर ओकलो.

१८ ऑक्टोबर
बायकोला सांगितलं, जाऊन आलो, नोंदवून घेत नाहीत. तिने विचारलं, "घेत नाहीत की दिला नाहीस?" मी म्हणालो, तांत्रिक अडचण आहे.

२० ऑक्टोबर, दुपार
वहिनी घरी आल्या. हातात मोठा पुठ्ठा. त्यावर माझी पोस्ट, अख्खी, स्केचपेनने, त्यांच्या शाळकरी अक्षरात. कोणीतरी जपून ठेवलेल्या फोटोवरून उतरवली म्हणाल्या. आज चौकीसमोर तो धरून उभ्या राहणार आहेत. एकट्या. वेल्डरची बायको आली तर आली.

बसायला सांगितलं, बसल्या नाहीत. पुठ्ठ्याचा खालचा कोपरा कोरा होता. स्केचपेनचं टोपण काढून म्हणाल्या, "भावजी, खाली नाव कोणाचं घालू?"

म्हणजे त्यांनाही पहिल्यापासून माहीत होतं. चहा ओततानाही.

त्या थांबल्या. घाई केली नाही. पेन हातात, नजर माझ्यावर. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला सगळं बोलता आलं असतं. तोंडही उघडलं होतं.

मी म्हणालो, "मास्तरांचंच राहू दे. लोकांच्या तोंडी आता तेच बसलंय."

वहिनी "बरं" म्हणाल्या. खाली वाकून कोपऱ्यात नाव लिहिलं. स्वतःचं. मग पुठ्ठा काखेत मारून निघाल्या.

बायकोने गॅस बंद केला, चपला घातल्या. ड्यूटीला अजून वेळ होता. मला वाटलं, त्यांना खालपर्यंत सोडायला चालली असेल. गॅलरीतून बघितलं तर पुठ्ठ्याचं एक टोक वहिनींनी धरलं होतं, दुसरं हिने, आणि दोघी चौकीच्या रस्त्याला वळत होत्या.

मी पडदा ओढून घेतला.