या गाडीले कव्हर लागत नाही

सौंसर, सोमवार

प्रिय मिस्त्री,

कव्हर लागत नाही म्हणजे काय? हा काय निरोप झाला? तोही रोशनच्या हाती, अन् तो बहाद्दर संत्र्याच्या गाडीतून खालीसुद्धा उतरला नाही. रस्त्यातूनच ओरडला, "फुलामावशी, मिस्त्रीनं सांगितलं, या गाडीले कव्हर लागत नाही, स्टेपनी डिक्कीत गेली!" सारा बस स्टँड ऐकून राहिला होता. टपरीवरचे दात काढून हसले. एक जण म्हणे, "घ्या, आता स्टेपनी डिक्कीत." त्याईले हसायले काय लागते? अन् मी मूर्खासारखं निळं रेक्झिन आणून ठेवलं होतं, लाल गाडीवर निळं उठून दिसन म्हणून. त्यावर आता मांजर झोपते.

फोन केला असता, पण तुझ्या फोनचा काही उपयोग नाही. तू नुसतं हूं हूं करतो, अन् मागून तुझे मालक भैय्याजी पाना मागत ओरडून राहतात. कागदाले हूं म्हणता येत नाही, म्हणून कागद घेतला. चौथीनंतर मी एवढं लांब काही लिहिलं नाही, अक्षर लागलं तर लाव, नाहीतर तुझ्या पोराकडून, तुषारकडून वाचून घे. नाही, त्याच्याकडून नको. तूच वाच. तोंडावर मी तुले तुम्ही म्हणते, इथं तू लिहून राहिली, कारण राग आला आहे. रागात तुम्ही जमत नाही.

पहिली गाडी आठवते का तुले? रामाकोना गावच्या बगिच्यात भैय्याजींच्या वडिलांनी टाकून दिलेली, जुनी, दोन सीटाची, तिच्यावर संत्र्याच्या टोपल्या ठेवत होते. भैय्याजींले ती नव्यासारखी करून पाहिजे होती, म्हणून तू ती ट्रॅक्टरले बांधून ओढत थेट माझ्या दुकानापुढं आणली. मी सीट शिवते, कूलरचे झाकण शिवते, विलायती गाडीचं मले काय माहीत? पाहिलं तर स्टेपनी मागं उघडी टांगलेली, बाईनं पाठीवर पोर बांधावं तशी. तू टेप काढला. मी म्हटलं, टेपावर माझा भरोसा नाही, अन् वितीनं मोजलं. तू म्हणाला, "टेप खोटं बोलत नाही बाई." मी म्हटलं, "टेप ज्याच्या हातात असते त्याचं ऐकते." तू हसला. त्याच्या आधी तुले हसताना कोणी पाहिलं असन असं वाटत नाही, तुले स्वतःलेच कसंतरी झालं. पहिलं कव्हर तंग झालं म्हणून तू वापस आणलं, ते खरंच तंग होतं. दुसरं तू सैल म्हणून आणलं. ते सैल नव्हतं. मले मालूम होतं, तुलेही मालूम होतं. तरी मी नाडी उसवून तीच नाडी पुन्हा घातली, अन् तू तोवर स्टुलावर बसून राहिला.

मंग पान्याची गुंडाळी. खाकी कपड्याले खाने पाडायचे, लहान पाना लहान खान्यात, मोठा मोठ्यात, गुंडाळून पट्टा बांधून सीटमागं ठेवायची. कोपरा शिवता शिवता खाकी दोरा संपला, मी लाल लावला. तू म्हणाला, असाच राहू द्या. भैय्याजींनी आणलेल्या पुढच्या जुन्या गाडीले गुंडाळी चालत नव्हती, तिची स्टेपनी डिक्कीच्या तळाशी आडवी, अन् पाने त्या चाकाच्या पोटात. त्याच्यासाठी मी गोल पिशवी शिवली, भाकरीएवढी. तू मले सांगत बसायचा, आधी कंपनी स्टेपनी मागं टांगायची, मंग सामान ठेवायले जागा पाहिजे म्हणून डिक्कीत लपवली, अन् आता नव्या गाड्यांत तर ठेवतच नाहीत, नुसता चाकात भरायचा फेसाचा डबा देतात. मी म्हटलं, मंग रस्त्यात चाक फुटलं तर? तू म्हणाला, "तर फोन करायचा." दोघंही हसलो. पण तुझं एक होतं, जी जागा कंपनीनं दिली तीच पाहिजे. भैय्याजींनी एकदा स्टेपनी काढून तिथं गाण्याचा बाजा बसवायचा म्हटलं, तर तू दोन दिवस त्याईच्या गाड्यांच्या शेडमध्ये पाय नाही ठेवला. ज्या सालची गाडी, त्या सालची जागा. हे तू इतक्या वेळा म्हणाला की मी भाजी चिरतानाही म्हणते.

आता खरं लिहिते, कारण पान संपून राहिलं. बस स्टँडवरचे मले मिस्त्रीची स्टेपनी म्हणतात हे तुले माहीत आहे. तू कधी बोलला नाही, मीही नाही. बायको पांढुर्ण्यात अन् स्टेपनी सौंसरात, असं. माझा माणूस जाऊन जमाना झाला, माझ्यासाठी भांडणारं कोणी नव्हतं. वाईट मले याचं वाटायचं की आपण चहाशिवाय काही केलं नाही. नाव तर झालं, मंग...  जाऊ दे.

उषाताई एकदा पांढुर्ण्याहून माझ्या दुकानात आल्या होत्या. तुले सांगितलं नाही. पिशवीची चेन बिघडली म्हणाल्या. चेन चांगली होती. बसल्या, पाणी प्याल्या, मशीनवर तुझी एक गुंडाळी पडली होती ती उलटीपालटी करून पाहिली. म्हणाल्या, "शिवण पक्की आहे तुझी." मी म्हटलं, "पाने जड असतात, कच्ची शिवण तुटते." त्या म्हणाल्या, "माझा माणूसही जड आहे." अन् हसल्या. चेन न बदलताच गेल्या. त्याच्यानंतर त्या अंथरुणाले लागल्या, अन् मी तुले दुकानात बसू दिलं नाही, स्टूल आत ठेवलं. तुले राग आला असन. येऊ दे.

त्या गेल्या तेव्हा मी तेराव्याले आली होती, बायकांत मागं बसली, जेवली नाही. वर्षश्राद्धही झालं. मी स्टूल पुन्हा बाहेर काढलं. आता तू येशील अन् काही म्हणशील, असं मले वाटत होतं. म्हणायचं काम माझं नव्हतं. पण भैय्याजींनी शेड नागपूरले नेली, तू तिकडं गेला, अन् माप चिठ्ठीवर येऊ लागलं. टेपाचं माप, वितीचं नाही. मी चिठ्ठीवरून शिवून रोशनजवळ देत राहिली. तेही तंग झालं का सैल झालं, काहीच कळेना. एकही वापस आलं नाही. मिस्त्री, इतकं बराबर शिवायची माझी इच्छा नव्हती. अन् आता ही लाल गाडी, पत्र्याच्या छपराची, म्हणजे कापडी छत शिवायचंही काम नाही, स्टेपनी डिक्कीत, कव्हर लागत नाही. तुझ्यामाझ्यामधलं जे होतं नव्हतं, ते त्या कव्हरच्याच नाडीनं बांधलेलं होतं.

ह्या निरोपावर मी पत्र लिहिणार नव्हती. मनाले म्हटलं, झालं, संपलं. पण काल रोशन वापस आला अन् या वेळी खाली उतरला. चहा पिता पिता बोलला, त्याले काय माहीत तो काय बोलून राहिला. म्हणे या गाडीले कंपनीची काळी पेटी असते, प्रत्येक पान्याले आपापला साचा, भैय्याजींनी ती पेटी विलायतेहून मागवली. अन् ती पेटी शेडमध्ये धूळ खाते. पाने खाकी गुंडाळीत आहेत, शेजारच्या सीटमागं, कोपऱ्यात लाल दोरा. पहिल्या गाडीची गुंडाळी, ती तू त्या गाडीत ठेवलीच नाही, इतके दिवस स्वतःजवळ ठेवली. भैय्याजी म्हणाले, "मिस्त्री, ही चुकीच्या सालची आहे." अन् तू म्हणाला, "राहू द्या." तू! जो दुसऱ्या सालचा एक बोल्ट चालू देत नाही! राहू द्या म्हणजे काय? हे मले कळवायचं सोडून तू कव्हरचा निरोप पाठवतो? अन् वरून रोशन म्हणे, रविवारी तू ती गाडी चालवून पाहायले छिंदवाड्यापर्यंत नेणार आहे, एकटा, अन् बाहेरच्या रस्त्यानं जाणार, गावात येणार नाही. माझी गुंडाळी सीटमागं ठेवून माझ्या गावाच्या बाहेरून जातो? शरम वाटते का भीती? जे असन ते सांग. रोशन शुक्रवारी नागपूरहून वापस येते, त्याच्याजवळ एकच शब्द दे, गावातून का बाहेरून. बाहेरून म्हणशील तर गुंडाळी त्याच्याच हाती पाठवून दे, मी लाल दोरा उसवून टाकते. गावातून म्हणशील तर मी दुकानाले कुलूप लावून बस स्टँडसमोर उभी राहीन, भर दिवसा, टपरीवाल्यांच्या पुढं, अन् तुले गाडी तिथंच थांबवावी लागन. दोन सीटा आहेत तिले, मी रोशनले इचारून घेतलं. मी मागं टांगून येणार नाही अन् डिक्कीतही नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे, शनिवार चालणार नाही.

तुझीच
(हा शब्द पेन्सिलनं लिहिला आहे, शुक्रवारी पाहीन पेनानं गिरवायचा का पुसायचा)
पंचफुला