पत्रकार परिषदेची तालीम

३ जून

वैतागले आहे. प्रयोग तोंडावर आलाय आणि तिकीट खिडकीवर माशा! आज तर खिडकीवरच्या माणसाने मलाच विचारलं, "नाटक होणारे ना नक्की?"

मावशी इतक्या वर्षांनी रंगमंचावर उभी राहतेय आणि शहराला पत्ताच नाही. एके काळी तिच्या नावावर हाउसफुल्लची पाटी लागायची. काका गेले आणि तिने काम सोडलं, ते सोडलंच. मीच हात धुऊन पाठीमागे लागले. "तुझ्यासाठी म्हणून लिहून घेतलंय नाटक," म्हटलं, तेव्हा कुठे हो म्हणाली. आता रिकाम्या खुर्च्यांपुढे तिला उभं केलं तर ते पाप माझ्याच माथी.

पत्रकार परिषद घ्यावी का?

५ जून

सगळ्यांना विचारून झालं. नवरा म्हणाला, "हल्ली कोण घेतं पत्रकार परिषद? येतात, सँडविच खातात, फुकटचं पेन खिशात घालतात आणि आतल्या पानावर हरवले-सापडलेच्या शेजारी चार ओळी छापतात." स्वतः विमा विकतो, पण मत नाही असा विषय नाही!

नाना आमचे रंगमंच व्यवस्थापक. मावशीच्या पहिल्या नाटकापासूनचे. ते म्हणाले, "बातमी द्यायला आधी बातमी असावी लागते. आपल्याकडे काय आहे? नाटक. ते प्रयोगात दिसेलच की. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी म्हटलं, "मावशी परत येतेय, हीच बातमी."

झालं. ठरलं. मला एकदा वाटलं की वाटलं. लग्नाच्या बाबतीतही असंच झालं होतं.

मावशीकडे गेले सांगायला. फोन काही ती उचलत नाही. पहिल्यापासूनच मानी बाई! ऐकून तोंड एवढंसं केलं. "नको गं. मला लिहून दिलेलं बोलता येतं. मनचं नाही जमायचं."

"मग लिहून देते!"

नाटकवालीच्या डोक्यातून दुसरं काय निघणार?

८ जून

पत्रकार परिषदेची तालीम घेतली! खरंच. टेबल मांडलं, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, नानांना समोरच्या खुर्चीत बसवलं. सगळे पत्रकार तेच. चष्मा नाकावर ओढून प्रश्न असे विचारत होते की फौजदाराने बघत बसावं.

प्रश्न मी लिहिलेले, उत्तरंही मीच.

"परत यावंसं का वाटलं?" — "मी गेलेच कुठे होते? विंगेत उभी होते."

मग नाटकाचा विषय. मग, "तालमी कशा चालल्यात?" — "फार मजा येतेय हो. इतकं हसतो की शेजारचे तक्रार करतात." आणि शेवटी, "यापुढे काय?" — "प्रेक्षकांनी हाकललं तरच जाईन."

मावशीने दुसऱ्याच खेपेला सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. आणि काय म्हणते! "विंगेत उभी होते" म्हणताना थोडी थांबली, तर माझ्या अंगावर काटा आला. मीच लिहिलेलं वाक्य!

नंतर नाटकाची तालीम. धाकटीला (नाटकात मावशीच्या मुलीचं काम करते ती, गुणी पोर) मावशीने फैलावर घेतलं. "माझ्याकडे तोंड करून बोल. भिंत काय टाळ्या देणारे तुला?" जुनी माणसं. शिस्त म्हणजे शिस्त. धाकटी बिचारी हिरमुसली, मग दोघीही हसल्या.

११ जून

नाना म्हणाले, "एकदा प्रश्न उलटसुलट करून घेऊ या का?" मी म्हटलं, "वेळ नाही."

१२ जून

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितेच.

लोक आले. अपेक्षेपेक्षा जास्तच आले, म्हणजे ते तरी माझ्या मनासारखं झालं. कॅमेऱ्यांचे दिवे सगळे मावशीच्या तोंडावर. एकेकाने फोन पुढे धरलेला. प्रश्न मागच्या रांगांतून, कोण बोलतंय ते मलाही दिसत नव्हतं.

पहिला प्रश्न आमचाच निघाला. परत का आलात? विंगेतलं वाक्य, हशा, टाळ्या. मी नानांकडे बघून भुवई उडवली. दुसरा नाटकाच्या विषयावर. तोही आमचाच! मला वाटलं, जिंकलं.

मग मागून एक मुलगी, फार हळुवारपणे, "यजमान गेल्यावर तुम्ही रंगभूमी सोडलीत. तो काळ कसा होता?"

आणि मावशी हसली. छान, प्रसन्न हसली. म्हणाली, "फार मजा येतेय हो. इतकं हसतो की शेजारचे तक्रार करतात."

देवा.

ती मुलगी गडबडली. मी टेबलाखालून मावशीचा हात दाबला. तिला वाटलं शाबासकी! तिने उलट माझा हात दाबला. मग कोणीतरी विचारलंच, "मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?" मावशीने मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रेक्षकांनी हाकललं तरच जाईन."

टाळी नाही. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मी! जिने हे सगळं लिहिलं तिने. सँडविचं तशीच राहिली, नवऱ्याचा तो अंदाजही चुकला.

१३ जून

पहिल्या पानावर. फोटोसकट. "एके काळची अभिनेत्री विस्मरणाच्या छायेत." आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या तर पेढ्यासारख्या वाटल्या असत्या. तो हसण्याचा तुकडा ज्याच्या-त्याच्या फोनवर फिरतोय. नवऱ्याच्या ऑफिसातही पोचला. त्याने मला काही ऐकवलं नाही. ऐकवायला हवं होतं.

१४ जून

सगळे प्रयोग फुल्ल.

खिडकीवरचा माणूस खुशीत. म्हणाला, "तुमची पत्रकार परिषद भलतीच लागू पडली!" रांगेतल्या दोघी एकमेकींना सांगत होत्या, "बिचारी मधेच विसरली तर काय करतील गं?" नाटक बघायला नाही, ती पडताना बघायला येणार आहेत सगळे.

१५ जून

ठरवलंय. मावशीचं काम दुसरीला द्यायचं. ती आधी आमच्याच नाटकांत काम करायची, पाठांतर पक्कं आहे.

नाना ऐकेनात. "अगं, तालमीत एक शब्द चुकल्या नाहीत बाई. एक शब्द!"

"काल नाही चुकली म्हणून उद्या नाही चुकणार?"

"तुला त्यांची काळजी आहे की नाटकाची?"

उठून आले तिथून. राग आला. राग यायला कारण असावं लागतं, ते होतंच.

१६ जून

सांगितलं. समोर बसून, तिचे दोन्ही हात हातात घेऊन. "मावशी, विसरायला होतंय तुला. लोक टपून बसलेत. तुझं काम दुसरीला देतेय, तुझी शोभा मला नाही बघवायची."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं भांडेल, कप आपटेल, निदान काकांची शपथ घालेल. नुसती मान हलवली. "बरं," म्हणाली. मग, "तिला सांग, दुसऱ्या अंकात घाई करू नकोस म्हणावं. तिथं प्रेक्षकांना श्वास घेऊ दे."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून उठले, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघतच म्हणाले, "मावशी, माफ कर मला." उत्तर नाही. दुसऱ्यांदा म्हटलं. नाहीच. एवढा राग! बरोबरच आहे. तशीच निघाले.

२० जून

पहिला प्रयोग. मावशी नाही म्हटल्यावर बऱ्याच जणांनी पैसे परत मागितले. उरलेल्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. नवीन बाई चुकली नाही कुठे. पण दुसऱ्या अंकात घाई केली.

नाना माझ्याशी कामापुरतंच बोलतात. "पडदा." "दिवे." "चल."

एवढं सगळं केलं ते चार लोक जास्त यावेत म्हणून. तिचं नाव भिंतीवर लावलं असतं तरी पुरे होतं. थोड्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या, राहू दे! ती उभी तरी राहिली असती.

२२ जून

मावशीचा रंगभूषेचा डबा द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं. ती पाठमोरी उभी, आणि नाटक चाललेलं. दुसरा अंक, सगळ्यांची वाक्यं, धाकटीचीसुद्धा. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"मावशी," म्हटलं. मग मोठ्याने. मग ओरडले. शेजारीण गॅलरीत आली, पण मावशी वळली नाही.

खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकली. मी विचारलं, "कधीपासून?" माझ्या ओठांकडे बघून म्हणाली, "झाली दोन वर्षं."

"मग बोलली का नाहीस? विसरतेस म्हणून काढलं गं मी तुला!"

"विसरते म्हटलं की लोक हळहळतात. बहिरी म्हटलं की हसतात. बहिऱ्या म्हातारीची कामं करून मीच घेतलेत ते हशे, जन्मभर."